दुरुस्त झाली म्हणून परत मिळालेली गाडी पुन्हा त्याच कारणाने बंद पडते तेव्हा

विक्रेत्याकडून वापरलेली गाडी घेतली, थोड्याच दिवसांत तिच्यात दोष दिसला, विक्रेत्याने कुरकुर न करता गाडी वर्कशॉपमध्ये घेतली आणि दुरुस्त झाली म्हणून परत दिली. आठवड्याभरात तोच दोष पुन्हा वर आला. दुसऱ्या खेपेस आणखी एक सुटा भाग बदलला गेला, तिसऱ्या खेपेस तिसरा, पण गाडीचे दुखणे होते तिथेच राहिले. या टप्प्यावर नवखा गाडीमालक बहुधा दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून गाडी पाचव्यांदा, सहाव्यांदा सोडत राहतो आणि तेवढ्या काळात वॉरंटीची मुदत उलटते, किंवा वैतागून ती दुसऱ्या गॅरेजमध्ये नेतो, इंजिन खोलून घेतो आणि दोषाचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

या वादांचा निकाल बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर लागतो: गाडी एकाच दोषासाठी वारंवार आत गेली, की वेगवेगळ्या किरकोळ कामांसाठी? गाडीमालकाला उत्तर स्वच्छ ठाऊक असते, पण विक्रेत्याचे कागद भलतेच काही सांगत असतात. पहिल्या जॉबकार्डवर, म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये घेताना भरल्या जाणाऱ्या कामाच्या कागदावर, ‘रेडिएटरचे झाकण बदलले’, दुसऱ्यावर ‘पाइपची क्लिप घट्ट केली’, तिसऱ्यावर ‘थर्मोस्टॅट (इंजिनचे तापमान सांभाळणारी झडप) बदलला’ असे लिहिलेले असते, आणि त्रयस्थ माणसाने ही तीन कार्डे वाचली तर त्याला तीन स्वतंत्र कामे दिसतात, तीनही पूर्ण झालेली. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्याचा बराचसा भाग एकाच गोष्टीसाठी आहे: दोष तोच आहे आणि तो गेलेला नाही, हे तुमच्या तोंडी सांगण्यावर न राहता कागदावर दिसले पाहिजे.

आधी घरातले कागद बाहेर काढा

विक्री करार, पावती, वॉरंटीचे पत्रक, गाडीची जाहिरात आणि खरेदीच्या आधी विक्रेत्याशी झालेले सगळे संदेश एका फाइलमध्ये लावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे नसेल आणि ती अजून दिसत असेल तर आजच काढून ठेवा, कारण गाडी विकली गेल्यावर जाहिरात उतरवली जाते. ‘इंजिन उत्तम स्थितीत’, ‘एकही काम नाही’ अशी वाक्ये विक्री करारात नसली तरी जाहिरातीत असतात आणि गाडीचे वर्णन खरे होते का, या मुद्द्यावर ती उपयोगी पडतात.

वॉरंटी कोणी दिली आहे, हे नीट वाचा. काही वॉरंट्या विक्रेता स्वतः देतो, तर काही त्याने तुमच्या वतीने तिसऱ्याच कंपनीकडून घेतलेल्या असतात आणि त्या एखाद्या विमा पॉलिसीसारख्या चालतात: ठराविक भाग, ठराविक रक्कम, आधी मंजुरी. दुसऱ्या प्रकारात विक्रेता सहज म्हणतो की वॉरंटी कंपनीने दावा नाकारला, त्याला मी काय करणार. हे उत्तर पुरेसे नाही. वॉरंटी हा जादा करार असतो. दोषमुक्त माल देण्याची विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी जिथे लागू आहे, तिथे ती त्याच्याकडेच राहते आणि कंपनीच्या नकाराने संपत नाही.

करारात ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ असे वाक्य आहे का, तेही पाहा. काही देशांत या वाक्याला मोठे वजन आहे, काही ठिकाणी व्यावसायिक विक्रेत्याला त्याचा फारसा आधार मिळत नाही. मात्र एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आहे: तुम्ही गाडी व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याकडून न घेता एखाद्या व्यक्तीकडून थेट घेतली असेल, तर ग्राहक कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही आणि वाद केवळ करारावर आणि दिलेल्या माहितीच्या खरेखोटेपणावर लढवावा लागतो. या लेखात विक्रेता व्यावसायिक आहे असे धरले आहे.

तक्रारीचे एकच वाक्य ठरवा आणि ते बदलू नका

घरी शांतपणे बसून दोषाचे एक वाक्य लिहा. त्यात काय होते, कधी होते आणि किती वेळाने होते, एवढेच असावे. दोष कशामुळे आहे याबद्दलचा तुमचा अंदाज त्यात मुळीच नको. ‘थर्मोस्टॅट खराब आहे’ असे तुम्ही सांगितले तर वर्कशॉप थर्मोस्टॅट बदलून देईल आणि तुम्ही सांगितलेले काम केले असे कागदावर येईल. ‘थंड इंजिनात खुणेपर्यंत भरलेले कूलंट साधारण 300 किलोमीटरमध्ये किमान खुणेच्या खाली जाते, बाहेर कुठेही गळती दिसत नाही’ असे सांगितले, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी होणे थांबेपर्यंत ती तक्रार उघडी राहते. फरक छोटा दिसतो, पण सगळा वाद त्यावर उभा असतो.

गाडी देताना सर्व्हिस ॲडव्हायझर संगणकावर तुमची तक्रार स्वतःच्या शब्दांत टाकतो. ‘कूलंट चेक करणे’, ‘जनरल चेकअप’, ‘आवाज पाहणे’ अशा त्याच्या ठराविक ओळी असतात. तो मुद्दाम तसे करतो असे नाही, त्याला दिवसभरात अशी अनेक कार्डे भरायची असतात. तुम्ही काउंटरवर थांबा, कार्ड छापून येऊ द्या, ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यातली ओळ वाचा आणि तुमचे वाक्य तिथे नसेल तर सहीच्या आधी ते टाकायला लावा. संगणकात जागा नाही असे उत्तर मिळाले तर तेच वाक्य पेनाने कार्डावर लिहा, त्याखाली ‘हाच दोष, तिसरी वेळ, आधीची जॉबकार्डे अमुक तारखांची’ अशी नोंद करा आणि मग सही करा. कार्डाचा फोटो काउंटर सोडण्याच्या आधीच घ्या.

कार्डावर आणखी काही गोष्टी असल्याच पाहिजेत: गाडी आत येतानाचे किलोमीटर, तारीख आणि वेळ. गाडी परत घेताना त्याच तीन नोंदी पुन्हा हव्यात. आत येतानाचे आणि बाहेर जातानाचे किलोमीटर ताडून पाहिले की गाडी खरोखर चालवून पाहिली का, ते कळते. 40 किलोमीटर चालल्यावर उद्भवणारा दोष 2 किलोमीटरच्या फेरीनंतर ‘दुरुस्त’ ठरवला असेल तर ते आकडेच बोलतात. गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती, त्याची बेरीजही याच तारखांवरून होते आणि ती पुढे पत्रात लागते.

परत घेताना ‘काम समाधानकारक झाले’ अशी छापील ओळ असते आणि तिच्यावर सही मागितली जाते. तिथे ‘दोष गेला की नाही हे गाडी वापरल्यावर कळेल, हक्क राखून गाडी ताब्यात घेतली’ असे लिहून सही करा. काढलेले जुने भाग दाखवायला सांगा आणि बसवलेला भाग नवा आहे, जुना आहे की पुन्हा तयार केलेला आहे, ते बिलावर लिहून घ्या. दुरुस्ती फुकट झाली असली तरी कामाचा कागद मागा. फुकट कामाचा कागद देत नाही असे सांगितले गेले, तर त्याच संध्याकाळी विक्रेत्याला संदेश पाठवा: आज अमुक वाजता गाडी परत मिळाली, तुमच्या सांगण्यानुसार अमुक काम झाले, कागद मिळाला नाही. त्या संदेशाला उत्तर आले नाही तरी तो त्या दिवसाची नोंद म्हणून राहतो.

भाग बदलणे म्हणजे निदान नव्हे

वारंवार फसणाऱ्या दुरुस्त्यांच्या मुळाशी बहुधा हेच असते. स्वस्त आणि सोपा भाग आधी बदलून पाहायचा, दोष गेला तर ठीक, नाही तर पुढचा. चाचणीला वेळ आणि माणूस लागतो, आणि विकलेल्या गाडीवर तो खर्च करायची विक्रेत्याची तयारी नसते.

माझ्या स्वतःच्या वापरलेल्या गाडीत हाच प्रकार झाला. कूलंट कमी होत असे, जमिनीवर मात्र थेंबही पडलेला नसे. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये रेडिएटरचे झाकण बदलले गेले, मग एक होज पाइप, मग थर्मोस्टॅट, आणि दर वेळी कूलंट काठोकाठ भरून गाडी परत मिळाली. अखेर एका स्वतंत्र मेकॅनिकने अर्ध्या तासाची चाचणी केली. इंजिन थंड असताना त्याने झाकण काढले, मग रेडिएटरच्या तोंडावर निळा द्रव भरलेली काचेची नळी बसवली, इंजिन चालू केले आणि रबरी फुग्याने कूलंटच्या वरची हवा त्या द्रवातून ओढायला सुरुवात केली. पाच-सहा वेळा फुगा दाबेपर्यंत निळा रंग फिकट झाला आणि मग पिवळा पडला. कूलंटमध्ये जळलेल्या पेट्रोलचे वायू मिसळत आहेत, म्हणजे सिलिंडर आणि पाण्याचा मार्ग यांच्यामधली सीमा फुटली आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधला सीलबंद थर, गेलेले असते किंवा हेडला तडा असतो. झाकण, पाइप आणि थर्मोस्टॅट यांतले काहीही बदलले तरी हा दोष जाणार नव्हता. नळीचा रंग बदलतानाचा व्हिडिओ मी त्या मेकॅनिकच्या परवानगीने काढला आणि पुढच्या बोलण्यात सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला.

म्हणून तिसऱ्या खेपेपासून ‘काय बदलणार’ हे विचारू नका, ‘कोणती चाचणी केली आणि तिचा आकडा काय आला’ हे विचारा. कूलंटसाठी दाबाची चाचणी असते, इंजिनच्या ताकदीसाठी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजता येते, बॅटरी वारंवार उतरत असेल तर गाडी बंद असताना किती विद्युतप्रवाह वाहतो ते मोजता येते. ज्याने चाचणी केली आहे त्याच्याकडे आकडा असतो. ज्याच्याकडे आकडा नाही त्याने अंदाज केला आहे, आणि हे तुम्ही लेखी प्रश्न विचारून उघड करू शकता.

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत असेल तर फॉल्ट कोडचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या दोष-क्रमांकांचा, एक छोटा रीडर घेऊन ठेवावा, असे माझे मत आहे. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून, तर युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून आणि डिझेल गाड्यांना काही वर्षांनंतर एकसारखी निदान प्रणाली सक्तीची झाली, त्यामुळे बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली तोच 16 पिनांचा सॉकेट सापडतो. गाडी वर्कशॉपमध्ये सोडण्याच्या आधी कोड वाचा आणि पडद्याचा फोटो काढा, पण कोड पुसू नका. कोडसोबत तो नोंदला गेला त्या क्षणाचा इंजिनचा वेग, तापमान आणि भार साठवलेला असतो, आणि कोड पुसला की ती माहितीही जाते. पी0300 म्हणजे एकाहून अधिक सिलिंडरमध्ये किंवा कोणत्याही एका ठराविक सिलिंडरमध्ये न राहता मिसफायर होतो आहे (इंधन नीट पेटत नाही), पी0420 म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली आहे. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे, तो फक्त कुठे पाहायचे ते सांगतो.

गाडी परत आल्यावर रीडर पुन्हा लावा. त्यात ‘मॉनिटर’ नावाची, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्यांची, यादी असते. कोड पुसले किंवा बॅटरीची वायर काढली की यातले बरेच मॉनिटर अपूर्ण दाखवतात आणि गाडी वेगवेगळ्या वेगांत बरीच चालल्यावरच ते एकेक करून पूर्ण होतात. दुरुस्तीनंतर कोड पुसणे ही नेहमीची रीत आहे, त्यामुळे तेवढ्यावरून आरोप करू नये. पण बिलावर एकही काम नाही, दिवा विझलेला आहे आणि बरेच मॉनिटर अपूर्ण आहेत, असे एकत्र दिसले तर दुरुस्ती न करता केवळ दिवा विझवला असण्याची दाट शक्यता आहे. तो फोटो फाइलमध्ये लावा.

‘आमच्याकडे दोष दिसला नाही’ या उत्तरावर

अधूनमधून येणारा दोष गाडीमालकाची सर्वाधिक परीक्षा पाहतो. गाडी वर्कशॉपच्या दारात पोहोचली की शहाण्यासारखी वागते आणि कार्डावर ‘तपासले, दोष आढळला नाही’ अशी ओळ येते. ही ओळ तुमच्या विरुद्ध आहे असे समजून हताश होऊ नका. दोष घडतानाची तुमची नोंद जितकी पक्की, तितकी ती ओळ दुबळी होते. एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, किलोमीटर, इंजिन थंड होते की गरम, चढ होता की सपाट रस्ता, वातानुकूलन चालू होते का, हे त्याच दिवशी लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या वहीला फारशी किंमत नसते. दोष घडताना व्हिडिओ घ्यायचा असेल तर तो शेजारी बसलेल्या माणसाने घ्यावा, चालवणाऱ्याने कधीही नाही, आणि एकाच सलग चित्रणात डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि दोष दोन्ही दिसावेत.

कूलंट किंवा ऑइल कमी होण्याच्या तक्रारीत टाकीवर मार्करने रेघ मारा आणि दर सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेघेचा फोटो घ्या. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचे उकळते पाणी अंगावर येते. आणि वर्कशॉपला दोष दिसत नसेल तर त्यांच्या माणसाला शेजारी बसवून, दोष उद्भवतो त्याच परिस्थितीत फेरी मारण्याची लेखी मागणी करा. ती मागणी नाकारली गेली तर तोही पुरावाच आहे.

स्वतंत्र तपासणी कधी आणि कशी

दुसरी दुरुस्ती फसल्यावर स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. त्याआधी केली तर विक्रेत्याला वाजवी संधी दिली नाही असे म्हणता येते, फार उशिरा केली तर दोष तुमच्या वापराने आला असे म्हणता येते. तपासणाऱ्याचा विक्रेत्याशी व्यवहार नसावा आणि हे काम त्यालाच मिळेल असे आश्वासनही त्याला देऊ नका, नाही तर त्याच्या मताला हितसंबंधाचा वास येतो.

त्याला स्पष्ट सांगा की फक्त तपासा, काहीही खोलू नका, बदलू नका. खोलल्याशिवाय निदान अशक्य असेल तर आधी विक्रेत्याला तारीख आणि वेळ कळवून हजर राहण्याची संधी द्या. तो आला तर सगळे त्याच्यासमोर होते, आला नाही तर त्याला पुढे तक्रार करायला जागा राहत नाही. अहवाल लेटरहेडवर असावा. त्यात गाडीचा 17 अक्षरी चासी क्रमांक, किलोमीटर, केलेल्या चाचण्या आणि त्यांचे आकडे, आणि दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: आधीच्या दुरुस्त्यांनी हा दोष का गेला नाही, आणि गाडी विकली गेली तेव्हा हा दोष किंवा त्याची सुरुवात असण्याची शक्यता किती. दुसरा प्रश्न लोक विचारायचेच विसरतात. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण विक्रेता विक्रीच्या दिवशीच्या गाडीला जबाबदार असतो, नंतरच्या झिजेला नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर हे झिजणारेच भाग आहेत आणि गाडीचे वय व किलोमीटर पाहता जी झीज अपेक्षितच होती तिच्यावर दावा लावला तर बाकीचा खरा दावाही हलका होतो.

कायदा काय म्हणतो, हे तुमच्या देशावर ठरते

ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या 30 दिवसांत सदोष गाडी परत करता येते. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते आणि ती फसली की ग्राहक किंमत कमी करून मागू शकतो किंवा गाडी नाकारू शकतो. युरोपीय संघात 2019 च्या निर्देशाने, जो 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षांची धरली आहे. वापरलेल्या मालासाठी सदस्य देश ती उभयपक्षी मान्यतेने एक वर्षापर्यंत खाली आणू देऊ शकतात. पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते. ऑस्ट्रेलियात एकाहून अधिक लहान दोष मिळून मोठा दोष ठरू शकतो आणि मोठ्या दोषात परताव्याचा हक्क मिळतो. अमेरिकेत विक्रेत्याला गाडीच्या काचेवर खरेदीदार माहितीपत्रक लावावे लागते आणि त्यावर वॉरंटी आहे की गाडी आहे त्या स्थितीत विकली जात आहे, ते लिहावे लागते. वारंवार बिघडणाऱ्या गाड्यांचे तिथले राज्य कायदे मुख्यतः नव्या गाड्यांसाठी आहेत, तरी न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत वापरलेल्या गाड्यांसाठीही ते आहेत. भारतात 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते आणि ती स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते.

तुमच्या देशाच्या कायद्यातून तीन गोष्टी शोधून लिहून ठेवा: दाव्याची मुदत कधी संपते, दोष सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे, आणि विक्रेत्याला दुरुस्तीच्या किती संधी द्याव्या लागतात. पत्राची भाषा या तीन उत्तरांवर ठरते.

लेखी पत्र

फोनवरचे बोलणे इथे थांबवा. पत्र एका पानाचे असावे, त्यात विशेषणे नसावीत आणि ‘फसवणूक’ हा शब्द तर मुळीच नसावा, कारण फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागतो, दोषासाठी हेतूची गरज नसते. विक्रेत्याच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालाने आणि सोबत ईमेलने पाठवा. मजकूर असा असू शकतो:

‘आपल्याकडून मी … रोजी … क्रमांकाची गाडी घेतली. त्या वेळी तिचे … किलोमीटर झाले होते. … रोजी खालील दोष दिसला: … याच दोषासाठी गाडी …, … आणि … या तारखांना आपल्या वर्कशॉपमध्ये दिली होती व ती एकूण … दिवस आपल्या ताब्यात होती. तीनही दुरुस्त्यांनंतर दोष कायम आहे. स्वतंत्र तपासणीचा … तारखेचा अहवाल सोबत जोडला आहे. दुरुस्तीची वाजवी संधी आपणास मिळालेली आहे. म्हणून मी गाडी परत देऊन खरेदीची रक्कम परत मागत आहे. हे पत्र मिळाल्यापासून 14 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास मी योग्य त्या मंचाकडे दाद मागेन. माझे सर्व हक्क राखून.’

मागणी एकच आणि नेमकी असू द्या. ‘दुरुस्त तरी करा, नाही तर पैसे तरी द्या’ असे लिहिले की समोरचा त्यातले सोपे तेवढे उचलतो. परतावा मागायचा की किंमत कमी करून घ्यायची, हे मात्र पत्राच्या आधी ठरवा. दोष इंजिन, गिअरबॉक्स किंवा ब्रेक-स्टिअरिंगसारख्या सुरक्षेच्या भागात असेल आणि दुरुस्ती तीन वेळा फसली असेल तर मी परताव्यावरच ठाम राहण्याचा सल्ला देईन. दोष मर्यादित आहे, गाडी बाकी आवडती आहे आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च हातात आहे, तर तेवढी रक्कम घेऊन काम आपल्या विश्वासाच्या ठिकाणी करून घेणे जास्त शहाणपणाचे. परताव्यातून तुम्ही केलेल्या वापरापोटी काही रक्कम वजा होऊ शकते. त्यासाठी खरेदीच्या दिवसाचे आणि आजचे किलोमीटर तयार ठेवा आणि वर्कशॉपच्या फेऱ्यांचे किलोमीटर त्यातून वगळायला सांगा.

विक्रेत्याने आणखी एक दुरुस्ती सुचवली तर लगेच नाही म्हणू नका. कोणती चाचणी, कोणते काम, किती दिवस आणि ही शेवटची संधी, हे चार मुद्दे तो लेखी मान्य करत असेल, तर स्वीकारणे तुमच्या बाजूचे ठरते. लेखी देत नसेल तर ती केवळ वेळ मारून नेण्याची रीत आहे.

वाद चालू असताना जपायच्या गोष्टी

कर्जाचे हप्ते थांबवू नका. हप्ता चुकला की वाद विक्रेत्याशी न राहता बँकेशी होतो आणि तुमची पतही बिघडते. त्याऐवजी कर्ज देणाऱ्या संस्थेला दोषाची लेखी कल्पना द्या. काही देशांत विक्रेत्यामार्फत मिळालेल्या कर्जात त्या संस्थेवरही जबाबदारी येते. पैसे कार्डाने दिले असतील तर व्यवहारावर हरकत घेण्याची मुदत कार्ड कंपनीला विचारा, ती अनेकदा थोड्या महिन्यांचीच असते.

तापमानाचा काटा वर जात असताना गाडी रेटू नका. दोष विक्रेत्याचा असला तरी दिवा दिसत असूनही चालवल्याने झालेले पुढचे नुकसान तुमच्या माथी येते. सुरक्षेचा दोष असेल तर गाडी वापरातून काढा आणि तसे त्याच दिवशी कळवा. ठरलेली सर्व्हिसिंग मात्र चुकवू नका आणि तिची बिले ठेवा, कारण निगा न राखल्याचा मुद्दा विक्रेता सर्वांत आधी काढतो. नवे दिवे, स्पीकर, गॅस किट असले काहीही या काळात बसवू नका.

14 दिवस उत्तराविना गेले तर तुमच्या देशातील मध्यस्थी योजना, ग्राहक हेल्पलाइन, ग्राहक आयोग किंवा छोट्या दाव्यांचे न्यायालय यांपैकी जे लागू असेल तिथे जा. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि आयोगाकडील तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तिथे देण्यासाठी वेगळे काही तयार करावे लागत नाही: तारखांचा एका पानाचा तक्ता, जॉबकार्डे, वहीतील नोंदी, अहवाल, पत्र आणि त्याची पोच, एवढे त्याच क्रमाने लावा आणि प्रत्येक पानावर क्रमांक टाका. व्हिडिओ देताना तो कोणत्या तारखेचा आहे आणि त्यात कोणत्या सेकंदाला काय दिसते, ते एका ओळीत लिहा. ऐकणाऱ्याकडे प्रत्येक प्रकरणासाठी थोडाच वेळ असतो.

बऱ्याच वेळा एवढी फाइल तयार आहे हे कळल्यावर विक्रेता तडजोडीला बसतो. त्या वेळी समोर येणारा कागद घरी नेऊन वाचा. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द असलेल्या कागदावर सही केली की हाच दोष पुन्हा आला तरी दार बंद होते, म्हणून दुरुस्तीच्या बदल्यात तसा कागद कधीही देऊ नका, तो फक्त रक्कम हातात पडल्यावर द्यायचा असतो. परतावा ठरला असेल तर रक्कम खात्यात जमा झाल्याचे पाहूनच चाव्या आणि मूळ कागद सोपवा. सोपवण्याच्या आधी चारही बाजूंचे, आतले आणि किलोमीटरचे फोटो घ्या आणि तारीख-वेळेसह ताबा-पावतीवर सही घ्या. त्यानंतर नोंदणीवरून तुमचे नाव उतरले का ते स्वतः तपासा, कर्ज बंद झाल्याचे पत्र मिळवा आणि विमा मात्र नाव उतरेपर्यंत चालू ठेवा, कारण मधल्या काळात त्या गाडीने अपघात केला तर नोंदीवर मालक म्हणून तुम्हीच असता.